महाराजांच्या बाहीतली खाज

बाहुलीवाल्यांच्या उजव्या हातात राजा असे आणि डाव्या हातात प्रधान. मोज्यासारख्या पार कोपरापर्यंत चढवायच्या बाहुल्या त्या. हात एकदा आत गेले आणि पडद्याच्या वर उभे राहिले, की पुढची चाळीस मिनिटं ते हात आपले नसतात. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. एकवीस वर्षं शाळाशाळांतून खेळ करून बाहुलीवाल्यांनी शिंक, ठसका, उचकी, सगळं काबूत आणलं होतं. खाजेपुढे मात्र त्यांची मात्रा चालेना.

ती आली चोरपावलांनी. आधी उजव्या मनगटावर नुसती चुणचुण. चार दिवसांत ती कोपराकडे निघाली आणि आठवड्याभरात मनगटापासून कोपरापर्यंतचा हात तिच्या ताब्यात गेला. बाहुलीवाल्यांनी नखांनी खाजवून पाहिलं, कंगव्याने पाहिलं, दाराच्या चौकटीला हात घासून पाहिलं. एकदा तर राजाची पुठ्ठ्याची तलवार घेऊन बसले.

"अहो, कातडं आहे ते, करपलेलं पातेलं नव्हे!" बायको ओरडली. बाहुल्यांचे कपडे शिवणं, दिवे सांभाळणं, शिवाय राणी, म्हातारी आणि कावळा यांचे आवाज काढणं ही सगळी खाती तिच्याकडे होती. नवऱ्यावर ओरडताना बहुतेक वेळा कावळ्याचा आवाज लागायचा.

"अगं, तुला काय कळणार! आतून कुणीतरी पिसं फिरवतंय."

थोरल्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "तुला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. तेच आता कातडीत उतरलंय." शेजारी दात घासायची पेस्ट लावायला सांगून गेले. ती लावली, तर हाताला पुदिन्याचा वास आला आणि खाज ताजीतवानी झाली.

शेवटी बाहुलीवाल्यांनी स्वतःच एक उपाय शोधला. कढत पाणी! बादलीत हात बुडवला की पहिली दोन मिनिटं डोळे मिटून ब्रह्मानंदी टाळी लागायची. अर्ध्या तासाने खाज परत यायची, तीही लेकुरवाळी होऊन. मग पुन्हा बादली.

अशातच एका मोठ्या शाळेतला खेळ आला. सभागृह भरलेलं, मुलं जमिनीवर, मागे खुर्च्यांवर पालक. राजा युद्धाची घोषणा करणार, एवढ्यात बाहीच्या आत वणवा पेटला. बाहुलीवाल्यांनी दात आवळले, पायाची बोटं आवळली. राजा थरथरू लागला. मुलांना वाटलं, रागाने थरथरतोय.

"प्रधानजी," राजा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शत्रू... शत्रू जवळ आलाय."

"कुठवर आलाय, महाराज?"

"कोपराच्या खाली दोन बोटं!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. ते तोंडातून निसटलं आणि त्यासरशी बाहुलीवाल्यांचा धीरही निसटला. प्रधान धावून गेला आणि राजाला वरपासून खालपर्यंत खराखरा खाजवू लागला. सभागृहात असा काही हशा फुटला की पडदा हलला.

पडद्यामागे बायकोच्या लक्षात सगळा प्रकार आला. तिने लगेच राणीचा आवाज लावला. "अगंबाई! इकडे युद्ध सोडून काय चाललंय?"

"राणीसाहेब, राज्याला खाज सुटलीय!" प्रधान धापा टाकत म्हणाला. "जरा डावीकडे," राजा कण्हला, "अजून खाली, हां, हां, तिथेच! तुम्हाला अर्धं राज्य देतो!"

मुलांची हसून मुरकुंडी वळली. आणि मग भलतंच सुरू झालं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने मान खाजवली. तिचं पाहून शेजारणीने पाठ. बघता बघता रांगामागून रांगा खाजवू लागल्या. मुख्याध्यापिकाबाई रुमालाच्या आडून दंड खाजवत होत्या. पालक एकमेकांच्या पाठी खाजवून देत होते. युद्ध झालंच नाही. राजाने तह केला आणि खेळ संपला.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच पालकांतल्या एक बाई पडद्यामागे आल्या. "मी कातडीची डॉक्टर आहे. रोज चाळीस जणांना सांगते, खाजवू नका. आज भर सभेत मीच खाजवत बसले. हात दाखवा बघू."

राजा उतरवला. हात लालेलाल, जागोजागी ओरखडे, कातडी कोरडीठक्क. पण कोपराखाली लाली एकदम थांबलेली, पट्टीने रेघ मारावी तशी. डाव्या हातावर पुरळ म्हणून नाही.

डॉक्टरीणबाईंनी हात सोडला आणि राजा उचलून चक्क हुंगला. "महाराज फारच सुगंधी आहेत."

बायकोचा चेहरा पडला. "राजाच्या घामाचा वास पहिल्या रांगेपर्यंत जात होता हो. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी धुतला आणि कपडे मऊ करायचं ते नवीन वासाचं पाणी घातलं. जरा सढळ हाताने."

"आणि प्रधान?"

"त्याची पाळी पुढच्या आठवड्यात होती."

बाहुलीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

"माझा संशय त्या पाण्यावरच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर कढत पाण्याने उरलासुरला ओलावा गेला. खाजवलं की कातडी आणखी चिडते, चिडली की आणखी खाजते. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं. पाणी कोमट, तेही थोडा वेळच. हात टिपायचा, पुसायचा नाही. ओलसर असतानाच बिनवासाचं मलम भरपूर लावायचं. नखं कापा. खाज आली की गार ओला फडका ठेवा. एक औषधाचं मलम देते, ते मात्र मी सांगेन तेवढेच दिवस. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, अंगभर पसरली किंवा घरात आणखी कुणाला सुटली, तर लगेच या."

घरी आल्यावर राजाची रवानगी साध्या पाण्यात झाली. तीनदा खळबळून बायकोने त्याला आतून मऊ सुती अस्तर लावलं. बाहुलीवाल्यांचे मात्र हाल कुत्रा खाईना. मलम, फडका, नखं, सगळं जमलं. कढत पाण्याची बादली काही सुटेना. पहिल्या दोन दिवसांत ते तीनदा न्हाणीघराच्या दाराशी रंगेहाथ सापडले.

"हात धुवायला चाललो होतो."

"वाफ निघतेय त्या पाण्यातून!" कावळा कडाडला. मग तीच शेजारी बसून गार फडका त्यांच्या हातावर दाबून धरी आणि खाज ओसरेपर्यंत म्हातारीच्या आवाजात शेजाऱ्यांच्या चहाड्या सांगे. हसता हसता खाजेचा विसर पडायचा.

पंधरा दिवसांत हात स्वच्छ झाला. बाहुलीवाले तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले.

पुढचा खेळ दुसऱ्या शाळेत होता. पण मुलांची बातमी वाऱ्याच्याही पुढे धावते. राजा पडद्यावर यायच्या आधीच गलका सुरू झाला, "खाज! खाज! खाज!"

आली का पंचाईत! खाज तर गेलेली. राजा उगीच अंग वळवू लागला, प्रधान बेताबेताने खाजवू लागला. मुलं काही केल्या हसेनात.

"खोटं खाजवतोय!" एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली.

बाहुलीवाल्यांना घाम फुटला. दोन्ही हात वर अडकलेले. बायकोने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या उघड्या पडलेल्या कुशीकडे. मग दिव्याची कळ सोडून ती हळूच सरकली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांना गुदगुल्या केल्या.

"अगं अगं अगं!" राजा किंचाळला. तीन ताड उडाला. प्रधान त्याच्या डोक्यावर आपटला. बाहुलीवाले वाकडेतिकडे होत गेले, त्यांची पाठ पडद्याच्या लाकडी चौकटीला लागली, आणि चौकट, पडदा, राजवाडा, सगळं एका दमात धाडकन आडवं झालं.

मुलांसमोर एक टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते, हात अजूनही वर, एका हातात राजा, एका हातात प्रधान. आणि त्यांच्या कुशीत बोटं खुपसून एक बाई, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली.

"सोड गं, लोक बघतायत!" बाहुलीवाले हसताहसता कसेबसे म्हणाले.

"बघू देत की," बायको म्हणाली, आणि तिने आणखी एकदा गुदगुल्या केल्या.