उलटा चिमटा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि स्वभावाने भित्री आहे. सायकलीला कसली आली भीती, असं म्हणून हसू नका. आधी माझी हकिगत ऐका.

ज्या कारागिराने माझ्या नळ्या जोडल्या, त्याने मला शर्यतीसाठी घडवलंच नव्हतं. माझ्या दोन चाकांत त्याने भरपूर अंतर ठेवलं. हँडलखालची नळी जरा मागे कललेली आणि पुढचं चाक धरणारा चिमटा टोकाशी पुढे वाकवलेला. त्यामुळे खड्ड्यांचे धक्के सौम्य होत, वळताना हँडल हिसका देत नसे आणि पॅडलवरचा पाय चाकापासून चांगला लांब राही.

माझी मालकीण शिवणकाम करायची. शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं कॅरिअरवर बांधून ती वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांकडे गेली. "ही सायकल नाही, माझी धाकटी बहीण आहे," असं ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकून मी कुरकुरायची विसरायचे!

मग मालकिणीच्या कुटुंबाने घर बदललं. टेम्पोत सामान मावेना, म्हणून तिच्या मुलाने माझं हँडल ढिलं करून आडवं फिरवलं. नव्या घरी उतरवल्यावर त्याने ते सरळ केलं आणि पान्याने आवळून टाकलं. पण त्या धांदलीत खालचा चिमटा पूर्ण उलटा फिरला होता. त्याचा पुढचा बाक मागे आला आणि चाक पॅडलजवळ सरकलं. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

सरळ रस्त्यावर मी पूर्वीसारखीच वाटायचे. वळण आलं की मात्र हँडल आपोआप एका बाजूला कलायचं आणि तिच्या चपलेचं टोक चाकाला घासायचं. एकदा तर ती फाटकातच पडली.

"अरे, हिचं काहीतरी बिघडलंय. वळताना मला भीती वाटते," ती मुलाला म्हणाली.

"आई, नाचता येईना, अंगण वाकडं! हवा भरलीय, ब्रेक लागतोय. वय झालं तुझं, दुसरं काय?"

तीही हसली. पण त्या दिवसापासून सुईत दोरा ओवताना ती स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहू लागली. मला त्या पडण्यापेक्षा याची जास्त भीती वाटली.

रोज सकाळी ती नातीला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची. वाटेत एक उतार होता, तळाशी काटकोनी वळण आणि पलीकडे मालट्रकांचा रस्ता. तो उतार दिसला की माझ्या नळ्यांतून थरकाप उठायचा.

"आजी, हळू ना गं!"

"हळूच जातेय बाळा. घट्ट धरून बस."

आणि एके दिवशी समोरून ट्रक आला. तिने हँडल वळवलं, पाय चाकात अडकला आणि आम्ही तिघी रस्त्यावर आडव्या झालो. ब्रेक करकचून लागले. ट्रकचं चाक नातीच्या वेणीपासून वीतभर अंतरावर थांबलं. ती पोर रडलीसुद्धा नाही, नुसती आजीला घट्ट धरून राहिली.

निरोप मिळताच मुलगा धावत आला. दोघींना रिक्षात बसवून तो माझ्यावर बसून निघाला. पहिल्याच वळणावर त्याचाही पाय अडकला आणि तो धडपडला. उठून त्याने खाली वाकून पाहिलं, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी येताच त्याने चिमटा फिरवून नीट बसवला. "आई, चूक माझी होती गं. चिमटाच उलटा बसवला होता मी. आता बसून बघ."

तिने हँडलला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"नको रे. आता माझा माझ्यावरच भरवसा नाही."

आता ती मला हातात धरून पायीच नेते, सरळ रस्त्यावरसुद्धा. मित्रांनो, तुमच्या सायकलीला तेल द्या, हवा भरा. पण कुणी "मला भीती वाटते" म्हणालं, तर हसण्याआधी खाली वाकून पाहा. माझा चिमटा सरळ व्हायला जरासाही वेळ लागला नाही. तिचं काय करायचं, हे मला कुणी सांगेल का?