कापडगल्लीची मापं

परभणीच्या कापडगल्लीला आग लागली, तेव्हा बंब कोपऱ्यावरच अडकला. निजामाच्या काळातली गल्ली ती. समोरून सायकल आली तरी एकाला दुकानात शिरावं लागायचं. दैव बलवत्तर, माणूस कुणी दगावलं नाही, पण सातही दुकानांचा दोन तासांत कोळसा झाला.

मग महापालिकेने ठरवलं, गल्ली रुंद करायची. दुकानं मागे सरकतील, पण समोरची लांबी ज्याची त्याला तेवढीच मिळेल. कागद सगळे जळलेले, म्हणून इंजिनिअर सृष्टीमॅडम म्हणाल्या, "आपापली हद्द चुन्याच्या फक्कीने आखा." व्यापाऱ्यांनी इतक्या इमानदारीने आखली, की शेवटचं भुजंगचं दुकान थेट नालीत गेलं! जो तो हात-दोन हात सरकला होता. झालं, जुंपली.

सत्यशीला बाजूला उभी होती. किशनरावांच्या दुकानाला लागून असलेल्या बोळीत बावीस वर्षं तिची शिलाई मशीन होती, कागदावर मात्र कधीच नाही. उन्हाळ्यात प्रत्येक दुकानापुढचा सावलीचा पडदा तीच शिवायची, माप हातानेच घ्यायची, त्यामुळे कुणाचं दुकान किती हात ते तिला पाठ. हे किशनरावांना पक्कं ठाऊक. सकाळीच ते हळूच म्हणाले होते, "बाई, माझ्या मापाचं तेवढं गप ऱ्हावा. नव्या दुकानात तुमच्या मशीनला जागा देतो."

तेवढ्यात भुजंग ओरडला, "अरे, भांडायलाव कशाला? पडदे शिवणारीलाच इचारा की!"

खरं बोललं तर जागा गेली. पण बावीस वर्षांत सत्यशीलाचा एकही पडदा चार बोटंसुद्धा आखूड निघाला नव्हता, आणि त्याचा तिला लय तोरा होता.

"भुजंगभाऊ सात हात," ती म्हणाली. "मुंजाजीभाऊ आठ." एकेक करत ती शेवटी थांबली. "किशनभाऊ धा. आखलेत बारा."

मॅडमनी टेप लावली. सगळं चपखल बसलं. किशनरावांच्या शेजारी थोडी जागा उरली.

"हे कुणाचं?"

"माझं. तीन हात."

बोळ अडीचच हात होती, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सत्यशीला लाजेने लाल झाली.

"मॅडम, बावीस वर्सं पाय आखडून बसले. एकदा पसरावं वाटायलंय."

किशनराव तरातरा पुढे आले. आपली रेघ त्यांनी चपलेने पुसली आणि अर्धा हात आत सरकून नवी ओढली.

"तीनच हाय," ते फुगलेल्या तोंडानेच म्हणाले. "लिवा मॅडम."

आगीत मशीन गेली तेव्हा सत्यशीलाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र ती सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.