अंगठ्याएवढी ठकी

"समोरची गिरणी तर चालू हाये," बाईजा म्हणाली.

"ती दुसऱ्या लायनीवर हाये, बाय," महिपत म्हणाला, आणि आपला हात अजून मेन स्विचवरच आहे हे ध्यानात येताच त्याने तो सावकाश खाली आणला.

लाइट गेली नव्हती. ती त्यानेच क्षणापूर्वी घालवली होती. कारण संगणकाच्या पडद्यावर जे उमटले ते या बाईच्या दृष्टीस पडता कामा नये, एवढे एकच त्याला त्या घटकेला उमगले होते. मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या त्याच्या चिंचोळ्या फोटो स्टुडिओत आता अर्धवट अंधार होता, आणि समोरून पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत असल्याचा आवाज निर्लज्जपणे आत येत होता.

बाईजा किन्हवलीच्या पलीकडल्या ठाकूरवाडीची. मागच्या आठवड्यात पेंढ्याच्या उडवीने पेट घेतला आणि वाडीतली घरे एकाला एक लागून जळाली. तिच्या घराबरोबर भिंतीवरची ठकीही गेली. ठकी ही तिची लेक. दोन वर्षांपूर्वी भात कापताना पान लागून, म्हणजे साप चावून, ती गेली होती. म्हसाच्या जत्रेहून परतताना नव्या बांगड्या दाखवण्यासाठी हट्टाने काढवून घेतलेला तो तिचा एकुलता एक फोटो.

"तूच बोलला व्हतास," बाईजा म्हणाली. "फुटू दे, जळू दे, उंदरानं खाऊ दे, माझ्याकडं असतोच म्हनून. तवा मी काय जास्त रडली नाय. म्हटलं महिपताकडं हाये ती."

"हाये ना. कुठं जाईल? पुढच्या बाजाराला ये."

"नीट मोठा काढ हां. डोळं दिसाया पायजे. मेल्या वक्ताला डोळं मिटलं व्हतं तिचं."

ती गेली. महिपतने दार लोटून घेतले, लाइट लावली आणि तो पुन्हा संगणकासमोर बसला. पडद्यावर लहान आकारात ठकी अगदी ठकीच होती: तळ्याचे चित्र रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभी, हात उगाचच पुढे धरलेले, हिरव्या बांगड्या. त्याने चित्र मोठे केले. गालावर चौकोन उमटले. आणखी मोठे केले, तशी डोळ्यांच्या जागी चार-चार करड्या फरश्या बसवल्यासारख्या झाल्या. मघाशी त्याने हेच पाहिले होते.

याला कोणी अडाणीपणा म्हणेल. पण तो अडाणीपणा नव्हता. ज्ञान होते, फक्त ते दुसऱ्या मुलखातले होते. वीस वर्षे महिपतने डार्करूममध्ये घालवली होती, आणि तिथला धर्म असा की लहानात मोठे सामावलेले असते. दोन बोटांच्या निगेटिव्हमधून भिंतभर माणूस निघतो, पापणीच्या केसांसकट. म्हणूनच त्याने एकही निगेटिव्ह कधी फेकली नाही आणि दारावर रंगाने लिहून घेतले: 'निगेटिव्ह कायम जपून ठेवली जाते.' पुढे डिजिटल कॅमेरा आला, रोल गेला, मेमरी कार्ड आले. आणि वर्षभरात संगणकाची डिस्क भरली. तेव्हा फाइल लहान करण्याची युक्ती त्याला ओळखीची, आपल्याच घरातली वाटली. लहान करायचे, म्हणजे निगेटिव्ह करायची. एका दिवाळीत त्याने सगळे फोटो एकेक करून लहान केले, मोठ्यांच्या जागी तेच जतन केले, आणि सगळी माणसे एका चकतीत मावली याचे त्याला समाधान वाटले होते.

त्याने कल्याणला फोन लावला. त्याला संगणक विकणारा आणि शिकवणारा रितेश तिथे होता.

"रितेश, लहान केलेला फोटो परत मोठा कसा करायचा रे?"

"ओरिजिनल खोला ना, काका."

"हाच तो. लहान करून त्याच्यावरच सेव्ह केलाय."

"क्वालिटीची पट्टी किती ठेवली होती?"

"पार डावीकडं. जास्त मावतील म्हणून."

रितेश एरवी हसला असता. आज तो हसला नाही.

"काका, मी ते मेलवर पाठवायला दाखवलं होतं. कॉपी काढून. जेपीजी करताना कॉम्प्युटर सगळं नाय ठेवत. डोळ्याला समजणार नाय ते टाकून देतो. पट्टी डावीकडं नेली की समजणारं पण टाकतो."

"टाकतो म्हणजे कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"ठेवत असंल ना कुठंतरी. कोपऱ्यात."

"कुठंच नाय, काका. टाकलं म्हणजे गेलं."

त्या दुपारी महिपत फोटोमागून फोटो उघडत राहिला. नवरा-नवरी, बारशाची पोरे, भातसानगरच्या कॉलनीतली सेवानिवृत्तीची मंडळी, काठी टेकून बसलेले म्हातारे. प्रत्येक जण लहान असताना शाबूत होता आणि जवळ गेले की तोंड नसलेला होत होता. यांतले किती जण आता हयात नसतील, हा विचार मनात आला तेव्हा त्याने उठून दाराला आतून कडी लावली. कोणी येणार नव्हते, तरी लावली.

भीतीने माणूस खोटे बोलतो, आणि कसबी माणूस खोटे कसबाने बोलतो. दुसऱ्या दिवशी त्याने ठकीचा चेहरा रंगवायला घेतला. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून देवीचे वण पुसणारा हात होता तो. संगणकावरच्या ब्रशाने त्याने फरश्या घोटून गाल केला, बुबुळे घातली, पापण्या काढल्या. संध्याकाळी पडद्यावरून एक मुलगी त्याच्याकडे पाहू लागली. देखणी होती. ती ठकी नव्हती. ती कोणाचीच मुलगी नव्हती. बाईजा हा फोटो ओळखणार नाही, हे भय त्याला वाटले नाही. ती ओळखेल, याचे वाटले. 'आली गो माझी बाय,' म्हणून ती हा चेहरा घेऊन जाईल, रोज पाहील, आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्या मनातली खरीही या परकीखाली पुसली जाईल. उरलीसुरली ठकी तिथेच तर होती. त्याने ते चित्र तसेच बंद केले. जतन करू का, असे यंत्राने विचारले तेव्हा त्याने 'नाही' दाबले.

बाजाराच्या दिवशी बाईजा आली. महिपतने तिच्यापुढे मोठी फ्रेम ठेवली. आत पांढऱ्या कागदाच्या मधोमध अंगठ्याएवढी ठकी होती.

"एवढीच?"

"मोठी केली तर ती राहत नाय, बाय. मशीनला बोल नाय. माझ्या हातनं गेली. उरली ती एवढीच."

बाईजाने फ्रेम डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली आणि डोळे बारीक केले.

"वावराच्या त्या टोकाला असली का एवढीच दिसं," ती म्हणाली. "मोळी घेऊन येताना. वळखू येते."

मग तिने फ्रेम उलटी करून त्याच्याकडे सरकवली. "काच ठेव तुज्याकडं. भिंत कुटं हाये अजून?"

महिपतने खिळे उचकटून कागदातून तेवढा फोटो कापून दिला. तिने तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ दातांनी आवळली आणि उंबऱ्याशी थांबली.

"वाडीतल्या कान्हाच्या बापाचा फोटो बी जळलाय. धाकलूच्या लग्नाचा बी. येतील ती. सांगू ना, तुज्याकडं हायेत म्हनून?"

गिरणी चालू होती. महिपतला एकदा वाटले, मेन स्विचकडे हात जाईल.

"सांग," तो म्हणाला. "लहान हायेत, म्हणून सांग."

ती निघाली. रिकामी फ्रेम हातात धरून तो पायरीवर आला. बाजाराच्या गर्दीतून ती स्टँडकडे जात होती; आधी हाताएवढी झाली, मग बोटाएवढी. तिच्या लुगड्याचा रंग अजून कळत होता. महिपत जागचा हलला नाही. आणखी जवळ जाऊन पाहण्याचा धीर त्याला झाला नाही.