खळीचा कोट

इस्पितळाच्या लाँड्रीत मावशी चादरींच्या वाफेच्या प्रेसवर उभी असते. पॉलिएस्टरच्या जाड कोटात तिची पाठ घामोळ्यांनी भरली होती, आणि गेल्या महिन्यात ती प्रेससमोरच चक्कर येऊन पडली. पुन्हा पडलात तर घड्या घालायच्या टेबलावर बसवीन, असं मॅनेजरांनी बजावलं.

"घड्या घालत बसू? त्यापेक्षा मलाच घडी घालून कपाटात ठेवा!" मावशी घरी येऊन म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही.

मला तिनंच वाढवलं. कापडाच्या शास्त्रात पदवी मिळाल्यावर पहिला कोट तिचाच, हे ठरलेलं होतं. विरळ विणीचं सुती कापड आणलं. काखेत जाळीच्या कापडाचे तुकडे जोडले. पाठीवर आडवी फट ठेवून तिच्यावर झडप शिवली, म्हणजे अंगाजवळची गरम हवा वर निघून जावी. कापड तोंडाशी धरून फुंकर मारली की पलीकडच्या तळहाताला लागायची.

"कसा आहे कोट?" मी रोज विचारायची.

"झकास!" असं म्हणून मावशी दाराच्या चौकटीला पाठ घासायची.

शेवटी मी लाँड्रीतच गेले. मावशी लालबुंद झाली होती आणि अंगातला कोट पुठ्ठ्यासारखा ताठ. कपड्यांना खळ घालणाऱ्या बाईंना तिथे सगळे फौजदार म्हणतात. त्या हात पुसत पुढे आल्या.

"भाचीच्या हातचा कोट, म्हणून दोनदा खळ घालते हो! डॉक्टरांचेसुद्धा इतके लाड करत नाही. खाली ठेवला तर आपला आपण उभा राहतो!"

मी कोटाचं टोक धरून फुंकर मारली. पलीकडे काही पोचलं नाही. विणीतली फट न् फट खळीनं लिंपली होती आणि झडप इस्त्रीनं पाठीला चिकटली होती.

"मावशी, बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू मायेनं शिवलास, हिनं मायेनं खळ घातली. म्हटलं, माझंच अंग नाठाळ."

फौजदारांचा चेहरा उतरला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतः कोट गरम पाण्यात धुतला, ड्रायरमध्ये सुकवला. इस्त्रीला मात्र मी हात लावू दिला नाही. चुरगळलेलं कापड अंगाला थोड्याच जागी टेकतं, मधून हवा फिरते.

"लाँड्रीतली बाई आणि अंगात असला बोळा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" फौजदार कळवळल्या.

दुपारी मावशी तो बोळा घालून प्रेससमोर उभी राहिली. चादर ओढायला वाकली की पाठीवरची झडप उघडायची, सरळ झाली की मिटायची. मॅनेजर येऊन बराच वेळ बघत राहिले. "राहू दे प्रेसवरच," म्हणाले आणि गेले.

"अगं, पाठीला वारा लागतोय!" मावशी मागे न बघता ओरडली.

मी फौजदारांचे हात धरले. खळीनं खरखरीत झालेले हात. मी केलेल्या वस्तूचे इतके लाड आजवर कुणी केले नव्हते.

"कॉलरला तरी घालू दे गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी विचार केला. ताठ कॉलर मानेपासून सुटी राहते, गरम हवेला वर जायला वाट मिळते.

"घाला," मी म्हणाले. "दोनदा घाला."