भिंतीला हात लावायचा नाही

लिफ्टमध्ये तिरडी मावली नाही, म्हणून धुरपदाबाईंना चार मजले जिन्यावरून उतरवावं लागलं. पुरुष तापीकाठच्या स्मशानाकडे गेले आणि पर्वत पाटियाच्या त्या फ्लॅटमध्ये बायका उरल्या. नवागामहून आलेल्या जुन्या शेजारणीने, मंगलाबाईंनी, पदर खोचला, बादली नळाखाली लावली आणि म्हणाल्या, "घर धवनं पडी."

मढं उचललं की घर धुवायचं, मग अंघोळी. हे कुणाला शिकवावं लागत नाही. धुरपदाबाईंनी स्वतः आधीची, नवागामची खोली दोनदा अशी धुतली होती, एकदा सासू गेली तेव्हा आणि एकदा नवरा गेला तेव्हा. पण आज त्यांची सून वैशाली पॅसेजच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. हॉल धुवा, स्वयंपाकघर धुवा, इथं मात्र पाणी नको, असं ती सांगत होती. खाली लाकूड आहे, ते फुगतं. ओलं फडकं फिरवलं तरी चालेल. ती रडत रडतच बोलत होती आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. फ्लोअरिंगवाल्याने तसंच बजावलं होतं.

मंगलाबाईंनी मयुरीकडे पाहिलं. लेक होती ती. तिनं बोलायला हवं होतं.

पण तो पॅसेज मयुरीनेच ठरवला होता. बडोद्याच्या ग्रंथालयात नोकरी, हाताशी सगळी पुस्तकं, घरात चार गोष्टी वाचलेली तीच; म्हणून फ्लॅट घेतल्यावर तिच्या भावाने, नितीनदादाने, सजावटीचं तिलाच विचारलं होतं. जमिनीसाठी अक्रोडी रंगाच्या लाकडी पट्ट्या तिने निवडल्या. भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत पांढरी, उभ्या खाचांची पॅनेलं आणि त्यावर फिकट सोनेरी वेलींचा वॉलपेपर, हेही तिचंच. टोकाला कमानीचा कोनाडा केला आणि त्यात आईची नवागामची समई ठेवली. ती लावायची नाही असं ठरलं, कारण काजळीने कमान काळी झाली असती.

काम चालू असताना छगन मिस्त्रीने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "बेन, बा माटे एक हाथो मूकी दउं?" बांसाठी, म्हणजे आईसाठी, भिंतीवर धरायला एक लाकडी दांडा, एवढंच त्याचं म्हणणं. मयुरीने क्षणभरही विचार केला नव्हता. तिने सांगितलं, "नको छगनभाई, दवाखान्यासारखं दिसेल." छगनने मान हलवली आणि पुन्हा पट्टी ठोकायला लागला.

आईला भिंत धरून चालायची सवय. नवागामच्या खोलीत दारापासून मोरीपर्यंत तिच्या तेलकट हाताचा एक पट्टाच उमटला होता. नव्या घरात आठवड्याभरात पांढऱ्या खाचांत बोटं दिसू लागली, तेव्हा वैशालीने गोडीत सांगितलं, आई, भिंतीला हात लावायचा नाही. टाचांच्या भेगांनी फ्लोअरिंगवर ओरखडे येतात म्हणून तिने राखाडी मोजेही आणून दिले. फोनवर आई म्हणाली होती, "मना घरमा मीच पाव्हनी शे." स्वतःच्याच घरात पाहुणी, यावर मयुरी हसली होती. म्हणाली होती, होईल सवय.

सवय झाली. आई पॅसेजच्या बरोबर मधून, पायात मोजे घालून, दोन्ही हात पोटाशी धरून चालायला लागली. दीड महिन्यापूर्वी सकाळी ती तशीच पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. दवाखान्यात भेटायला येणाऱ्याला ती सांगायची की चूक माझीच, मीच नीट चालले नाही. मयुरीने ते चार वेळा ऐकलं आणि चारही वेळा नजर खाली ठेवली.

आता बादली भरून वाहू लागली होती. मयुरीने नळ बंद केला, बादली उचलली आणि वहिनीपुढे जाऊन थांबली.

"मयुरीताई, ह्यांना काय सांगू मी?"

"मी ओतलं म्हणून सांग."

वैशाली बाजूला झाली.

नवागामच्या खोलीत आई दारात उभी राहून बादली भिरकावायची आणि पाणी आपलं आपण उतार शोधत मोरीत जायचं. इथं ते जाईना. छगनने लेव्हल लावून जमीन सपाट केली होती आणि मयुरीने त्याचं कौतुकही केलं होतं. पाणी जिथं पडलं तिथंच पसरलं, पट्ट्यांच्या सांध्यांत मुरायला लागलं. वरच्या वेली त्यात उलट्या दिसत होत्या. मंगलाबाईंनी दुसरी बादली आणली, तीही मयुरीने ओतली. मग आईचं जुनं सुती लुगडं घेऊन ती गुडघ्यांवर बसली आणि टिपून टिपून पाणी बादलीत पिळू लागली. इतकं करून मन हलकं होईल असं तिला वाटलं असेल, तर ते झालं नाही. पडण्याआधी आई सहा महिने हे घर फक्त कोरड्या झाडूने झाडत होती, एवढंच तिला आठवत राहिलं.

पुरुष परतले. दारात पाय धुऊन, कडुलिंबाचं पान चावून नितीन आत आला. अजून पुसायचं राहिलेलं पाणी पाहून तो थबकला. बायकोकडे, मग बहिणीकडे पाहिलं. खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, फुगेल ना सगळं."

"फुगू दे, दादा."

तो काही तरी बोलणार होता. रागातच त्याने पाऊल पुढे टाकलं आणि ओल्या पट्टीवरून त्याचा पाय सटकला. पडला नाही. त्याने झटकन भिंत धरली. पांढऱ्या पॅनेलवर ओला, मातकट पंजा उमटला.

तो तसाच, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत आईच्या खोलीकडे गेला. वैशाली बघत होती, मयुरी बघत होती. कुणीच त्याला हात काढ म्हणालं नाही.