उंबराखालचा फोटो

माझा दीर गिरधर धुळ्याला फोटो काढायचा. माणसांचे पोटासाठी, उडत्या किड्यांचे हौसेसाठी. आम्हा नवराबायकोचा एक फोटो काढ म्हणून मी त्याच्यापुढे किती नाक घासलं! दर खेपेला दात काढून एकच उत्तर: "भाऊ कोठे पयी जाई ऱ्हायना, वहिनी? माश्या उडी जातस." भाऊ कुठं पळून जातोय म्हणे! मेल्याची जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

लढाईचे दिवस होते, फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. थंडीत तो नरडाण्याला गाडीतून उतरला आणि कॅमेऱ्याची पेटी घेऊन आमच्या मळ्यात आला. दोनच काचा उरल्या होत्या. एकीवर उंबराचं आग्या मोहोळ, दुसरीवर आम्ही, असं त्यानं कबूल केलं. मी लग्नातलं लुगडं नेसून बांधावर उभी राहिले. हसू नका. आम्हाला पोरबाळ नव्हतं; आम्ही दोघं एकत्र होतो एवढं तरी कुठं दिसावं, असं मला फार वाटायचं.

आमच्याकडे मोहोळ दिवस कलल्यावर धूर करून काढतात. भरदुपारी त्याला कोणी डिवचत नाही. पण गिरधरला माशी उडतानाच हवी होती, आणि पंख फिसकटू नयेत म्हणून डोक्यावरचं ऊन हवं होतं. धनी गोवऱ्या पेटवायला निघाले तर हा ओरडला, "धूर नको, भाऊ! धूरमा उजेड मरस. तू गोफण मार."

माझे धनी गोफणीचे पक्के. धाकट्या भावाला नाही म्हणणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. ते उंबराच्या पलीकडे गेले. गिरधर अलीकडे, डोक्यावर काळं फडकं ओढून, पेटीत डोळा घालून बसला.

दगड बसला. मोहोळ फाटलं. माश्यांचा लोट खाली आला तो थेट काळ्या फडक्यावर. काळं दिसलं की आग्या माशी पिसाळते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. गिरधरही इथलाच, पण दुकानात ते फडकं रोज डोक्यावर घेऊन घेऊन ते काळं आहे हेच तो विसरला होता.

"फडकं फेकी दे! गिरधर, फडकं फेकी दे!" धनी उंबराखालून त्याच्याकडे धावत सुटले. गिरधरनं डोकं बाहेर काढलं नाही. आधी पेटी खट्‌कन वाजली, मग तो किंचाळला.

धन्यांनी फडकं ओढून काढलं, भावाला लाथ घालून विहिरीवरच्या थारोळ्यातल्या पाण्यात पाडलं आणि तेच फडकं अंगावर घेऊन नांगरटीतून पळाले. सगळं मोहोळ त्यांच्यामागे. ढेकळांत पडले, उठले, पुन्हा पडले. जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याचं नाव घेऊन बोंबलले, "हिलाल! हिलाल!" कडब्याची पेंढी पेटवून पोचले तेव्हा चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं. कानात माश्या, नाकात माश्या, तोंडात माश्या. पाठीवरच्या मी मुठीनं चिरडून काढल्या. दिवस मावळायच्या आत ते गेले.

तेराव्याला गिरधर आला, तोंड अजून सुजलेलं. रडत त्यानं पहिल्या काचेचा फोटो पुढे केला. मधोमध माशी, पंखाची शीर न् शीर दिसावी अशी. मागे पांढरं पागोटं, पसरलेले हात, फिसकटलेला माणूस, धावत येणारा. म्हणजे यानं त्यांना येताना पाहिलं होतं. पाहून कळ दाबली होती.

"भाऊना एवढाच फोटू शे, वहिनी," तो म्हणाला.

मी सरपणातलं लाकूड उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर हाणत राहिले, हाड मोडल्याचा आवाज येईपर्यंत. मला कोणी धरलं नाही.

फोटो मात्र जाळवला नाही. विळ्यानं त्यातली माशी कापून काढली. भिंतीवर आता तो भोक पडलेला फोटो आहे. भोकामागून धनी धावत येताहेत, भावाकडे. मी त्यात कुठंच नाही.