जाणाऱ्याचा उजवा हात

मिल्काने दाराच्या बाहेरच्या चौकटीवर दुसरा खिळा ठोकला आणि आईला हाक मारली.

"आई, ये बघायला! लावली मेझुझा. बाहेर, चांगली ठसठशीत!"

'बाहेर' हा शब्द तिने मुद्दाम जोरात उच्चारला. आत टीव्हीवर तीस वर्षांनी पुन्हा तेहरानचे मोर्चे दाखवत होते. क्रांतीच्या वेळी मिल्का तिथेच होती, नऊ वर्षांची. भारतातून गेलेले बाबा तिथल्या इस्पितळात डॉक्टर, रस्त्यावर गोळ्या, आणि आईने मेझुझा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथातल्या वचनांची ती चिमुकली डबी, बाहेरून काढून दाराच्या आत लावलेली. आपण ज्यू आहोत हे कुणाला कळू नये म्हणून, दुसरं काय! आईचा तो भित्रेपणा मिल्काला आजवर सलत होता. स्वतःचं घर झालं की मेझुझा दाराबाहेरच लावायची, असा तिने तेव्हाच चंग बांधला होता. कॅनडात, वॉनमधलं हे टाउनहाउस तिचं स्वतःचं होतं.

रिबेकाबाई ओले हात पुसत आल्या.

"अगं कार्टे, उलट्या बाजूला ठोकलीस! आत येताना उजव्या हाताला हवी."

"आपली याच बाजूला होती. शाळेत जाताना मी रोज हात लावायचे."

"जाताना ना? मग!"

मिल्का गोंधळली. "म्हणजे तूच चुकीची लावलीस? घाबरून?"

"घाबरून? मी?" रिबेकाबाई उसळल्या. "घरात येणाऱ्याला मी बघून घेतलं असतं. जीव टांगणीला लागायचा तो तुम्ही बाहेर पडलात की! म्हणून जाणाऱ्याच्या उजव्या हाताला लावली. देवाला म्हटलं, नियम मी मोडतेय, शिक्षा मला कर. यांना तेवढं घरी आण."

खाली मान घालून मिल्काने हातोडीचं टोक खिळ्याखाली घातलं.

तेवढ्यात ऊर्मी, तिची लेक, गाडीची किल्ली नाचवत आली. युनिव्हर्सिटी बघायला ती पहिल्यांदाच एकटी हायवेने वॉटर्लूला निघाली होती.

"बाय मॉम, बाय आजी!"

"थांब. आधी हात लाव."

"बट इट्स द राँग साइड. आजी जस्ट सेड सो."

"लाव म्हणते ना!"

ऊर्मीने बोटं टेकवली, ओठांना लावली आणि गेली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत दोघी दारातच उभ्या राहिल्या.

"काढतेस ना?" रिबेकाबाईंनी विचारलं.

मिल्काने हातोडी खाली ठेवली.

"ही राहू दे, आई. येणाऱ्यांसाठी दुसरी आणू."